चूक सांगायला वडिवळ्याला गेलेल्या बाई

डॉ. इंदुमती सबनीस यांच्याकडे मी संशोधक विद्यार्थिनी म्हणून आले, त्या दिवशी देहूरोडच्या डेपोत काम करणारे माझे वडील मला सोडायला आले होते. ते दारातूनच परतत होते. बाईंनी त्यांना आत बोलावले आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. "ही गोल दिसते ना, ती पेशी धड आहे. हिला शेपटी आहे, म्हणजे हिच्यातला डीएनए तुटलाय." वडील बराच वेळ पाहत राहिले. माझ्या शिक्षणात काय चालते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी समजावून सांगितले होते.

बाईंचा विषय मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरणच पोखरते. नजर अंधुक होते, पाय साथ देईनासे होतात. अशा रुग्णांच्या रक्तपेशींतला डीएनए इतरांपेक्षा अधिक तुटतो का, आणि पेशीला तो नीट सांधता येतो का, हे त्या शोधत होत्या. चालता न येणाऱ्यांना पुण्याला बोलावणे त्यांना पटत नसे. आम्हीच मावळात घरोघरी जाऊन रक्त घेत असू.

वडिवळ्याच्या कमल मावशी त्या रुग्णांपैकी एक. भातशेती करणाऱ्या, चाळिशीतच काठी हाती आलेल्या. आमचे निकाल ठळक दिसू लागले, तेव्हा उत्साहाच्या भरात मी त्यांना सांगून टाकले, "मावशी, तुमच्या पेशी इतरांपेक्षा जास्त तुटतात." बाई त्या दिवशी सोबत नव्हत्या.

शोधनिबंध पाठवायची तयारी झाली आणि नोंदी चाळताना बाई थांबल्या. म्हणाल्या, "रुग्णांचं रक्त मावळातून गाडीने येतं. निरोगी माणसांचं आपण इथेच, शेजारच्या खोलीत काढतो. मग डीएनए तुटतो तो आजाराने, की वाटेत?"

त्यांनी निबंध थांबवला. दोन सहकारी रागावून दुसऱ्या कामाकडे वळले. माझा तर प्रबंधच त्यावर उभा होता. "हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं," मी म्हणाले. "माझ्या आलंय ना," एवढेच त्या म्हणाल्या. आठवडाभरात मी प्रयोगशाळा सोडून एका महाविद्यालयात नोकरी धरली. पुढे कित्येक वर्षे त्यांना साधा फोन केला नाही.

साठीच्या उंबरठ्यावर बाईंनी सगळे पहिल्यापासून सुरू केले. रुग्णाचे आणि शेजारच्या निरोगी माणसाचे रक्त एकाच दिवशी घ्यायचे, एकाच थंड पेटीतून आणायचे. एसटीने एकट्याच जात, एकट्याच मोजत. नव्या मोजणीत फरक बराचसा मावळला. उरला तो आजाराचे कारण, परिणाम की औषधांचा भाग, हे सांगता येत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्या निबंधावर एकट्या त्यांचेच नाव होते. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

गेल्या वर्षी कामशेतला गेले असताना जवळच्या वडिवळ्यात कमल मावशींना भेटले, तेव्हा मला उरलेले कळले. माझे ते बोलणे ऐकून मावशींनी लेकीची ठरलेली सोयरीक स्वतःच मोडली होती. "माजं रगत नासकं. दुसऱ्याच्या घरात कशाला न्यायचं, म्हनलं."

नव्या मोजणीच्या काळातच बाईंना हे कळले, तशा त्या तेवढ्यासाठी वडिवळ्याला गेल्या आणि घरच्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक आमची आहे. नीट तपासलं नव्हतं."

मावशींनी विचारले, "मंग पोरीला ह्ये न्हाई ना व्हनार?"

"बहुतेकांच्या मुलांना होत नाही. कधीच होणार नाही, असं मात्र सांगता येत नाही. पण लग्न थांबवावं असं यात काही नाही."

ती सोयरीक पुन्हा जुळली नाही. दोन वर्षांनी मुलीचे लग्न सुदुंबऱ्याला झाले. मावशी पुढे म्हणाल्या, "तुमचं नाव न्हाई घेतलं त्येंनी. आमची चूक, येवढंच म्हनत व्हत्या."

तिथून मी थेट लोणावळ्याला गेले. निवृत्तीनंतर बाई तिथे दोन खोल्यांत एकट्या राहतात. दार उघडून त्या काही बोलू लागल्या, पण घसा खाकरून थांबल्या. "परवापासून कुणाशी बोलले नाही. आवाजच लागत नाही बघ."

मी माफी मागितली. त्यांनी ती टाळली नाही. "तू गेलीस त्याचं वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "एकटीने मोजताना भीती वाटायची. चुकलं तर सांगणारं कुणी नव्हतं."

बाई, आपल्याला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. आपले चुकले तर तोंडावर सांगणारी माणसे त्या आयुष्यात वरचेवर आपल्या दारी येवोत. त्यांत मी असेन.