हैबतीची झडप

हैबतीचं नाव निघालं की अजूनही माझ्या तोंडाला कडू चव येते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. तिथून तो मुंबईला गेला, गिरणीत बॉयलरच्या आगीवर कामाला लागला. गिरणी बंद पडली तशी दिवाळीनंतर घरी परतला, तो आग म्हणजे काय हे आपल्यालाच कळतं अशा तोऱ्यात.

आल्या आल्या त्यानं बायकोची, तुळसाची, चूल फोडली आणि नवी बांधली. चारी अंगांनी बंद. तोंडाला पत्र्याची झडप, झडपेला उघडमीट होणारं भोक, आणि मागून रॉकेलच्या डब्यांचं धुराडं थेट भिंतीबाहेर. भोक उघडलं की वारा आत घोंघावायचा आणि जाळ उसळायचा. मिटलं की ऐनाचं एकच लाकूड धुमसत सकाळपर्यंत पुरायचं. खोटं कशाला बोलू, चूल झकास होती. वाडी बघायला लोटली.

"मुरारीदादा, बघा," तो मला म्हणाला, "आगीला किती खायला घालायचं ते वाऱ्याच्या हातात. अन् वारा माझ्या हातात!"

किळस आली ती पुढचं बघून. झडपेला तुळसानं हात लावायचा नाही. त्याची भाकरी तव्यावर असली की भोक सताड उघडं. ती टम्म फुगून ताटात पडली की भोक बंद. लाकूड म्हणे जपून जाळायचं. ते लाकूड रानातून डोक्यावर आणायची तुळसा, आणि तिचीच भाकरी मेल्या आचेवर चामड्यासारखी वाळायची. हा समोर बसून तिनं सारवलेल्या भिंतीवर तंबाखू थुंकायचा.

भाकरीचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. तिचा जीव माळ्यावर अडकला होता. तिथं चुलीच्या बरोबर वर भाताच्या बियाण्याचे मुडे होते, पेंढ्यात आवळून बांधलेले. आमच्याकडे बियाणं धुरात ठेवतात. धूर लागत राहिला की किडा फिरकत नाही. आता सगळा धूर भिंतीबाहेर जात होता.

"अवो, वाईच धूर आत सोडा. मुडं गार पडलेत."

"धूर गावंढळांच्या घरात असतो गो. सायबाच्या बंगल्यात कुठं धूर दिसतो?"

"सायेब भात लावतो व्हय रे?" शेजारची ठमाबाई दारातून म्हणाली.

"म्हातारे, तू तुझी चूल फुंक!"

रोहिण्या लागल्या, पेरणीची वेळ आली. तुळसानं मुडे सोडले तर दाण्यातल्या किड्याच्या भुरक्या पाखरांचा लोट तोंडावर आला. दाणे पोकळ, हातात पीठ. ती रडली नाही. सगळं भात तिनं मिठाच्या पाण्यात ओतलं. तरंगलं ते फेकलं, तळाशी बसलं ते धुऊन भिजत घातलं. जेमतेम अर्ध्या शेतापुरतं.

तोवर गिरणी चालू झाल्याचा निरोप आला होता. हैबतीनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"भिजवलंस ते बरं केलंस. पोहे कांड. मुंबईच्या खोलीवरच्या मंडळींना न्यायला काय तरी हवं."

"हे बियाणं हाय."

"किडक्या भाताचं कसलं बियाणं? तूच ओलं ठेवलं असशील."

आणि त्यानं स्वतः उठून झडपेचं भोक पुरं उघडलं, भात भाजायला खापर वर ठेवलं. जाळ भडकला. तो पातेल्याकडे वळला, तर तुळसानं ते झटक्यात उचललं, कमरेवर घेतलं आणि चालू लागली. ठमाबाईच्या धुरकट घरात चुलीच्या उबेला तिनं बियाणं ठेवलं, मोड यायला वर गोणपाट टाकलं. ठमाबाई मुसळ घेऊन उंबऱ्यात बसली.

"ये हैबती, ये! पोहे न्यायला ये!"

तो आला नाही. अंगणातून आईबहिणीवरून शिव्या देत राहिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीसाठी पोलादपूरची वाट धरली.

बियाणं रुजलं. अर्धं शेत तुळसानं लावलं, उरलेलं अर्धं त्या साली गवतानं भरलं. मुंबईत हा खोलीवर सांगत बसला, बायको आळशी हाय, अर्धी जमीन पडीक ठेवते. आणि ऐकणारे आमच्याच वाडीचे, सगळं ठाऊक असलेले, हो हो म्हणत माना डोलवत होते.