फोटोपुरती साडी

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजून तडकतं. उस्मानपुऱ्यातल्या एका संस्थेत आई शिवण शिकली. मशीन मिळायच्या दिवशी ती स्वतः शिवलेला ब्लाऊज घालून, ठेवणीतली साडी नेसून गेली. संस्थेच्या बाई म्हणाल्या, “अहो, फोटो देणगीदारांना जाणार. गरीब दिसायला पाहिजे. फाटकी साडी नेसून या.” आईनं विचारलं, “मंग शिवायला शिकवलं कशाला?” मशीन तर हवंच होतं. घरातलं सगळं फाटकं आईनं आधीच शिवून टाकलं होतं, म्हणून तिनं शेजारणीची साडी मागून आणली आणि खाली मान घालून फोटो काढून घेतला. परवा त्या संस्थेत गेले, तर तो फोटो अजून भिंतीवर आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘स्वावलंबी महिला’.