वाचून दाखव सर

कॉलेजच्या भित्तिपत्रकात मुलाखत लावण्याआधी ती देणाऱ्याला अख्खी वाचून दाखवायची, हे आमच्या सरांचं खूळ. माणूस जंगलात कितीही आत राहत असला तरी सर सायकल हाणत जायचे, त्याच्या अंगणात बसून वाचायचे आणि तो म्हणेल ते खोडायचे. कॉलेजात सगळे त्यांना 'वाचून दाखव सर'च म्हणत.

सर चिमूरकडचे, तासिकेवर नेमलेले. दर वर्षी नेमणूक नवी, धाकधूक तीच. तरी भित्तिपत्रकाचं लचांड त्यांनी आपणहून गळ्यात घेतलं होतं. "पह्यले त्याच्या घरचं पाणी पे, मंग वही काढ," म्हणायचे. एका म्हाताऱ्याला मी "तुम्हाला कसं वाटलं?" असं विचारलं, तर भर वर्गात झापलं. "काय झालं थे इचार. वाटलं काय, थे त्याच्या तोंडावर दिसते." लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालू देत नसत. मला त्याचा भारी राग यायचा.

मी वसतिगृहात राहायचे. तिथे पार्बताबाई स्वयंपाक करायची. मला कावीळ झाली तेव्हा तिने घरून आंबील आणून पाजली होती. तिचीच मुलाखत घेतली, चुलीपाशी बसून. बोलता बोलता ती म्हणाली, "पोरींचं अर्धं दूध साहेबाच्या घरी जाते. पण हे नोको लिहू बाई, माह्या पोटाचा सवाल हाय." साहेब म्हणजे आमचे अधीक्षक.

मी लिहिलं. अशी ओळ कोण सोडतं! दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवताना मात्र तेवढीच गाळली. तिला कुठे वाचता येत होतं? "मस्त लिहिलं व माय," म्हणत तिने माझ्या गालावरून हात फिरवला. सरांनी विचारलं, "सगळं वाचून दाखवलं?" मी म्हटलं, "हो सर."

सकाळी भित्तिपत्रक लागलं, संध्याकाळी पार्बताबाईला कामावरून काढलं. प्राचार्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? सर म्हणाले, "मी." पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. मी त्यांना निरोप द्यायला एस.टी. स्टँडवर गेले, तर एवढंच बोलले, "तिले जाऊन थे ओळ वाचून दाखव." दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं. मी गेले नाही. भ्याले, दुसरं काय!

आता मी चंद्रपूरला पेपरात आहे. मुलाखत कशी घ्यावी यावर कॉलेजांत भाषणं ठोकते. सरांचं एकेक वाक्य सांगते, टाळ्या घेते. लाज नावाची चीज नाही. मागच्या वर्षी सर गेल्याचं कळलं, तेव्हा कुठे मुलाखतीचा तो जुना कागद काढून कॉलेजच्या गावी, धानोऱ्याच्या बाजारात गेले. पार्बताबाई तेंदूची पिकली टेंभरं विकत बसली होती. मी सगळं वाचलं, ती ओळसुद्धा.

तिचा हात टोपल्यातच राहिला. "मास्तर तं तवाच आला होता सांगाले. म्हणे, थे ओळ म्याच घातली, पोरीचा काई दोष नाई. मी त्याले लय शिव्या देल्या. मुकाट आयकून घेतल्या त्यानं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "म्हंजे तू होती?"

"हो."

ती बराच वेळ टेंभरं नुसती खालीवर करत राहिली.

"माफी मांगाव लागन त्याची," शेवटी म्हणाली. "कुठी राह्यते आता मास्तर?"

तेही मलाच सांगावं लागलं.