आखाजीच्या तोंडावर टनेल

ज्या संगणक मासिकात तो लेख छापून आला होता, त्याचा लेखक मला आजही जळगावच्या रस्त्यात भेटला तर मी त्याला तसा जाऊ देणार नाही. पुढच्या पिढीचं इंटरनेट म्हणे चहा निवायच्या आत घरच्या संगणकावर आणता येतं! माझा चहा निवला, कपाला मुंग्या लागल्या, मुंग्यांचे संसार झाले, आणि इंटरनेट आपलं मागच्याच पिढीत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी एका कॉलेजात तासाच्या बोलीवर संगणक शिकवायचो. माझी बहीण धुळ्याला दिलेली, आणि दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्याइतकंच या यंत्राचं वेड. दाजी पाटबंधारे खात्यात होते. पाटात पाणी नसायचं, त्यामुळे वेळ भरपूर. तो लेख आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात वाचला आणि एकाच आठवड्यात आमची झोप उडाली.

प्रकार असा होता. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. जुन्या पद्धतीचे नंबर जगात संपत चालले होते, म्हणून नव्या पद्धतीचे, मारुतीच्या शेपटीएवढे लांब नंबर निघाले होते. पण मधल्या तारा आणि मधली यंत्रं सगळी जुनी. ती नव्या नंबराचं पाकीट हातात धरायला तयार नसत. मग नवं पाकीट जुन्या पाकिटात घालून पाठवायचं आणि पलीकडच्यानं फोडून घ्यायचं. याला टनेल म्हणायचे. आमची आई बहिणीकडे लोणच्याची बरणी पाठवायची ती ज्वारीच्या पिशवीत पुरून. धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरला पिशवी दिसायची, बरणी दिसायची नाही. तेच हे. आईला कोणी परदेशात भाषणाला बोलावलं नाही, एवढाच फरक.

संगणक ठेवलेला होता कापसाच्या खोलीत. आबांनी, म्हणजे वडिलांनी, भाव वाढेल म्हणून सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. छतापर्यंत. एका कोपऱ्यात खणून काढल्यासारखी जागा, तिथे टेबल, मी आणि संगणक. एप्रिलात जळगावात कावळे सावली सोडून उडत नाहीत, आणि मी कापसाच्या गादीत आतून शिवल्यासारखा बसलेला. संगणकाच्या पंख्यात इतके रुईचे तंतू जायचे, की महिनाभर थांबलो असतो तर मागच्या बाजूनं सूत निघालं असतं.

टेलिफोन बैठकीत. त्याचीच तार ओढून मी मोडेमला जोडलेली. मोडेम लावला की गिरणीच्या पट्ट्यात मांजर सापडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मग बैठकीतला फोन मुका. जिनिंगवाला कापसाचा भाव सांगायला फोन करायचा, त्याला लाईन मिळायची नाही. आबा एक दिवस कापसाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"जुना नंबर संपी ग्यात का रे?"

"संपत आलेत, आबा. सगळ्या जगाचे."

"जग आपले कवय फोन करस? करस तो एकटा जिनिंगवाला. आन् त्याले तू लागू देत नही."

मी त्यांना पाकिटात पाकीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला. "आखाजी लगून देखस मी. धुयाना डबा बोलना तर बोलना. नही तर हाऊ डबा इकी टाकसू."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि वर्षभर पत्त्यांना हात न लावणारी सभ्य माणसं उघड ओट्यावर खेळायला बसतात. त्या दिवसांत खेळण्याचा दोष लागत नाही अशी सगळ्यांनी मिळून समजूत करून घेतलेली आहे. संगणक मी दोन वर्षं शिकवण्या घेऊन घेतलेला, आणि तो आबा विकणार! ते बोलले की करायचे. त्यांनी एकदा बोलण्याच्या भरात बैलजोडी विकली होती.

आता टनेलची खरी गोम. दोन्ही टोकांच्या यंत्रांना एकमेकांचा जुना नंबर सांगावा लागतो, आणि फोन लावून इंटरनेटमध्ये शिरलं की दर वेळी नवा नंबर मिळतो. म्हणजे मी शिरलो की माझा नंबर दाजींना कळवायचा, दाजी शिरले की त्यांचा मला. कळवायचा कशानं? फोनानं. आणि फोन कुठाय? मोडेमच्या तोंडात!

म्हणून मी नंबर तळहातावर लिहून कापसातून बाहेर पडायचो, गल्ली ओलांडायचो आणि समोरच्या नानांच्या ओट्यावर चढायचो. नाना बियाण्यांचे जुने व्यापारी. त्यांचा फोन ओट्यावरच्या खिडकीत. तिथून धुळ्याला, दाजींच्या घराखालच्या एसटीडी बूथवर. बूथवाला वर तोंड करून हाका मारणार, दाजी लुंगी सावरत जिने उतरणार.

"दाजी, लिहा! दोनशे दोन! चौपन्न! सव्वीस! एकशे चौऱ्याहत्तर!"

"हळू रे, कान गेला. शेवटचा काय?"

"एकशे चौऱ्याहत्तर!"

मग त्यांचा नंबर मी तळहातावर घ्यायचा, ते जिने चढणार, मी गल्ली पळणार, आत येऊन बघतो तर लाईन तुटलेली. पुन्हा मांजर, पुन्हा नवा नंबर, पुन्हा नानांचा ओटा. दाजी त्या उन्हाळ्यात इतके जिने चढले-उतरले, की त्यांच्या बनियनमध्ये दोन दाजी मावले असते.

का तुटायची लाईन? मी कोणाकोणावर संशय घेतला नाही! मोडेम उघडला, पुसला, शिव्या देऊन बंद केला. दुसरा प्रोग्राम घातला. बैठकीपासूनची तार बदलली. उंदीर असतील म्हणून मांजर आणलं. ते कापसात इतकं खूश झालं, की उंदरांशी त्यानं काही संबंधच ठेवला नाही. टेलिफोन ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटले. तिथल्या साहेबांनी माणूस पाठवला, त्यानं खांबावर चढून लाईन तपासली आणि वरूनच ओरडला, "साहेब, लाईन काचेसारखी आहे!" मी खालून त्याला म्हणालो, उतर, तुला दाखवतो काच. तो उतरायलाच तयार होईना.

या सगळ्या धावपळीत ओट्यावर कोण बसलंय याकडे माझं लक्ष नव्हतं. आखाजी जवळ आलेली, त्यामुळे नाना, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंट्रोलर भाऊ आणि आमचे आबा रोज दुपारी तिथेच. मी नंबर ओरडायला चढलो की तिघं एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं, आदरानं. विज्ञानाचं काहीतरी चाललंय, माणसं थबकतात. मी कंट्रोलर भाऊंना एकदा विचारलंही, "समजतंय का काही?" ते म्हणाले, "समजी ऱ्हायनं ना. सांग, सांग, शेवटला आकडा जोरमा सांग." मी भारावून जोरात सांगितला.

आखाजीच्या आदल्या दिवशी बहीण धुळ्याहून आली. दाजी टनेलसाठी मागे राहिले होते. ती बैठकीत पाय पसरून बसली, मी नंबर सांगून गल्लीतून पळत आलो, पाहतो तर लाईन तुटलेली. मी कपाळ बडवून घेतलं. ती म्हणाली, "दादा, एक विचारू? आबा आत्ता आत आले, फोन उचलला, कानाला लावलाच नाही, परत ठेवला आणि गेले. त्यांना बरं नाही का?"

बैठकीतला फोन उचलला की त्याच तारेवरचा मोडेम तुटतो, हे शेंबड्या पोराला कळतं. ते आबांनाही कळलं होतं, आणि माझ्या आधी कळलं होतं.

मी ओट्यावर गेलो तो तीन उड्यांत. मधे गोणपाट अंथरलेलं, त्यावर सरकीच्या दाण्यांचे ढीग. आबांपुढचा ढीग सर्वांत मोठा.

"हे काय आहे?"

"सरकी," आबा म्हणाले.

"ते दिसतंय! चाललंय काय?"

नानांनी घसा साफ केला. "पोरा, चिडू नको. तू तो शेवटला आकडा सांगतो ना, त्यावर एकी का बेकी खेळतो आम्ही. पत्ते पिसण्यात लबाडी होते. हा कंट्रोलर एस.टी.त होता तेव्हापासून पिसतो, त्याचा काय भरवसा? तुझा आकडा कसा, कोणाच्या हातात नसतो. दिल्लीहून येतो का अमेरिकेहून, पण चोख येतो."

"आणि लाईन का तोडता?"

"मग दुसरा आकडा कसा येईल?" नानांनी अगदी निरागसपणे विचारलं.

मी आबांकडे वळलो. "आबा, तुम्ही! तुम्हीच मुदत देणार, तुम्हीच तोडणार, आणि वरून माझा संगणक विकणार?"

आबा एक दाणा नखानं सोलत म्हणाले, "मी घरमा पाणी पेवाले जास."

"रोज? इतक्या वेळा? पाणी पिता का विहीर?"

"उन्हाया शे," आबा म्हणाले, आणि कंट्रोलर भाऊ इतके हसले, की त्यांची बेकी-एकीची सरकी विसकटली.

मला रडू येत होतं आणि तिघांना गोणपाटात बांधून तापीत सोडावंसं वाटत होतं. मी पृथ्वीच्या नंबरांचा प्रश्न सोडवायला बसलेलो, दाजी जिन्यावर झिजलेले, तो बिचारा माणूस खांबावरून उतरायला घाबरलेला, आणि यांना एकी-बेकी! पण चिडून आखाजी पुढे ढकलता येत नाही. मी गोणपाटावर बसलो आणि म्हणालो, "आकड्यावर काय खेळता, लहान पोरांसारखे? उद्या मोठा डाव लावा. धुळ्याचं यंत्र उत्तर देतं की नाही, यावर."

तिघांचे डोळे चमकले. आबांना पर्यायच नव्हता. यंत्र बोलणार नाही असं ते महिनाभर गावाला सांगत होते, त्यांनी सगळी सरकी 'नही' वर लावली. आबांची सगळी सरकी दिसल्यावर नाना आणि कंट्रोलर भाऊ 'व्हई' वर बसले. मी उठलो. आता फोनला राखण लागली होती, तीही फुकटची.

आखाजीच्या दुपारी आमरस-पुरणपोळी झाल्यावर मी मोडेमचं मांजर लावलं. नंबर घेऊन ओट्यावर गेलो, दाजींना ओरडलो, त्यांचा घेतला. गल्ली ओलांडून आलो तर बैठकीत नाना फोनशेजारी पाट टाकून बसलेले, एक हात रिसीव्हरवर दाबून, जणू आतून नागच निघणार होता. कंट्रोलर भाऊ दारात आडवे. आबा अंगणात.

"मले तहान लागेल शे," आबा म्हणाले.

"थांबा, पाणी आठेच देस," कंट्रोलर भाऊ म्हणाले आणि त्यांनी आख्खी कळशी उंबऱ्याबाहेर ठेवली.

लाईन तुटली नाही. मी दाजींचा नंबर घातला, टनेल बांधलं, आणि नव्या, शेपटीएवढ्या नंबरानं धुळ्याला हाक मारली. पडद्यावर काही नाही. कापसाच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं घुसलेले, बहिणीच्या केसांत रुई. मग एक ओळ आली. मग तिच्याखाली दुसरी. मग एकसारख्या येतच राहिल्या. मी जे ओरडलो, त्यानं शेजारच्या गल्लीत झोक्यावरच्या पोरी थांबल्या.

आबा पुढे झाले. पडद्याजवळ नाक नेलं. "काय बोलना जवाई?"

"बोलले असं नाही. आपण हाक मारली, त्यांच्या यंत्रानं सांगितलं की ते आहे."

"आखो?"

"आणखी काही नाही. आहे, एवढंच."

आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तो शे, हाई मले माहीत शे. मी त्याले पोर देयेल शे!"

नव्या जमान्याचं पहिलं पाकीट खानदेशात उतरलं होतं आणि त्याची ही किंमत! पण डाव तो डाव. नानांनी जागच्या जागी न्याय केला. हाकेला ओ दिली म्हणजे उत्तर दिलं, सरकी आमची. आबांनी सरकी मोजून न देता गोणपाटासकट दिली, म्हणजे मनाला लागलं होतं.

मला धीर आला. "मग आबा, संगणक विकायचा नाही ना?"

"कसाले इकू?" आबा माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच विकायला काढलाय. "सरकी परत जिकनी शे ना मले. पत्तासमा हाऊ कंट्रोलर लबाडी करस."

म्हणजे माझा संगणक वाचला तो विज्ञानासाठी नाही, जगातल्या संपणाऱ्या नंबरांसाठी नाही, माझ्या दोन वर्षांच्या शिकवण्यांसाठी तर नाहीच नाही. तो वाचला एकी-बेकीसाठी! मी त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बसलो नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. सगळे ओट्यावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कापसात बसून टनेल लावलं, धुळ्याच्या ओळी सुरळीत यायला लागल्या, तोच बैठकीतून आबांची हाक आली. आवाजात अशी नम्रता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

"भो, तोडू का?"