मावशींना कुणीच फोन केला नाही

६ फेब्रुवारी, गुरुवार. इमारतीचा जिना पुसायची आणि दारापुढचा फुटपाथ झाडायची या आठवड्याची पाळी आमची होती. जर्मनीतल्या या गेर्लिंगेन गावात ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून लक्ष ठेवतात. टाळाटाळ चालत नाही. मी बादली भरत होते तेवढ्यात इथल्याच आखन शहरातून फोन आला. त्या फोनमागे मी पुण्यात पोलीस अधिकारी होते तेव्हाचं एक प्रकरण आहे. ते आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून आधी तेच सांगते.

फिर्यादी सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाई. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही तेच म्हणते. मुलगा आखनच्या विद्यापीठात संशोधन करतो. त्याच्याकडे काही महिने राहायला जाताना मावशींनी पुण्यातल्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र सख्ख्या बहिणीच्या मुलाच्या नावे करून दिलं. सोसायटीच्या सभेला कुणीतरी जावं, नळ गळला तर प्लंबर आणावा, एवढाच हेतू. वकिलाकडे तयार मसुदा होता. त्यात देखभाल होती, भाडं होतं आणि विक्रीही होती. भाचा म्हणाला, "असू दे सगळं, सारखा सारखा कागद कशाला?" मावशींनी सही केली.

काही महिन्यांनी भाच्याचा फोन आला, चांगलं गिऱ्हाईक आहे. मावशींनी स्पष्ट सांगितलं, "घर विकायचं नाही. पाडव्याला मी परत येतेय." मुलगा म्हणाला, आई, मुखत्यारपत्र लेखी रद्द करून टाक. तर मावशी म्हणाल्या, "बहिणीच्या पोराला वकिलाची नोटीस पाठवू? ताईला काय वाटेल?" झालं. नकार फोनवरच राहिला. आपल्या घरांत हे मी कितीदा तरी पाहिलंय. अधिकार देताना स्टँपपेपर, फोटो, अंगठे, सगळं रीतसर होतं. काढून घेताना मात्र कागद केला तर तो नात्याचा अपमान होतो.

पहिली खबर पोलिसांना नाही, मावशींनाच लागली. पुण्याहून शेजारच्या काकूंनी फोन केला. "काय गं, घर विकलंस आणि आम्हाला पेढासुद्धा नाही?"

"कुणी विकलं?" मावशी पोळ्या लाटत होत्या.

"अगं, माणसं आलीत. पडद्यांची मापं घेतायत!"

मुलाने आमच्या पोलीस ठाण्याला ईमेल केला. आमच्या हवालदारांनी उत्तर पाठवलं: तक्रारदार स्वतः हजर नसल्यास कुणाच्या तरी नावे कुलमुखत्यारपत्र पाठवावे. सकाळच्या टपालात ते माझ्यापुढे आलं आणि मी त्यांना आत बोलावलं.

"अहो, ज्या कागदाने बाई लुटली गेली, तोच कागद पुन्हा मागवताय तिच्याकडून?"

"मॅडम, पद्धत आहे ती."

"मग पद्धतीला म्हणावं, बाहेर बस जरा."

सही केलेली तक्रार कुरियरने मागवून घेतली आणि मावशींशी व्हिडिओ कॉलवर बोलले. स्वेटर, कानटोपी, मागे खिडकीत सायकलींची रांग. बोलणं एकदम मुद्देसूद. शेवटी म्हणाल्या, "त्याला मारू-बिरू नका हं. मला माझ्या घरी जाऊ द्या, बास."

भाचा चौकशीला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन. खुर्ची ओढून स्वतःच बसला. "मॅडम, मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे. विक्रीचा अधिकार आहे. रद्द केल्याचा कागद दाखवा, मी आत्ता हात जोडतो. मावशींनी फोनवर होकार दिला होता. आता मुलाने कान भरले असतील."

संतापाची गोष्ट अशी की कागदाच्या हिशेबाने तो बरोबर होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवताना मुखत्याराने एक घोषणापत्र द्यायचं असतं: मालक हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. वृद्ध मालकाचं रक्षण करायला ही तरतूद, आणि ते लिहून कुणी द्यायचं? ज्याच्यापासून रक्षण करायचं त्यानेच! त्याने दिलं. शिक्का बसला. फोन सगळ्यांच्या खिशात होते, मावशींचा नंबर भाच्याकडे होता. मालकिणीला विचारायला हवं, असं कोणत्याही टेबलावर कुणाला वाटलं नाही, कारण ते कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

मग मी घर घेणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. शिकलेला, सरळ माणूस. विचारलं, "मालकिणीशी तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

ते चाचरले. "भाचे म्हणाले, त्या अंथरुणाला खिळल्यात. कुणाला ओळखत नाहीत, फोन आला तर घाबरतात. मग आम्हालाच बरं वाटेना."

माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस एक गोष्ट पक्की पाठ करतो, पण कोणाला कोणती सांगितली ते विसरतो. मी गृहस्थांना शेजारच्या खोलीत चहा दिला आणि भाच्याला पुन्हा बसवलं.

"होकार कधी दिला मावशींनी?"

"दस्ताच्या आदल्याच आठवड्यात."

"नीट समजून दिला ना? वय झालंय त्यांचं."

"छे हो! मावशी ठणठणीत आहेत. डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं."

ते मी लेखनिकाला शब्दशः लिहून घ्यायला लावलं. भाच्याने वाचून सही केली. मग दार उघडलं आणि गृहस्थांना आत बोलावलं. त्यांना पाहिल्यावर भाच्याने फाइल मिटली आणि पाणी मागितलं. गृहस्थ त्याच्याकडे बघत एवढंच म्हणाले, "ओळखत नाहीत म्हणाला होतात ना?"

संध्याकाळपर्यंत त्याने मावशींचा नकार कबूल केला. वर म्हणाला, "त्या कुठे परत येणार होत्या? मुलगा तिकडेच स्थायिक आहे." म्हाताऱ्या माणसाचं घर त्याच्या हयातीतच रिकामं धरून चालायचं, हे त्याला गैर वाटतच नव्हतं. त्या वाक्याची चीड मला त्याच्या खोटेपणापेक्षा जास्त आली.

फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीनही झाला. पण नोंदलेला दस्त पोलीस रद्द करू शकत नाहीत, त्यासाठी दिवाणी दावा. न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवली. फ्लॅटला कुलूप, गृहस्थ भाड्याच्या घरात, आणि मावशींचे पाडवे आखनमध्ये जातायत.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आपला कायदा सही खरी आहे का ते तपासतो. सही करणाऱ्याला काय सांगितलं होतं ते कुणी विचारत नाही. म्हणून माझं सांगणं रोखठोक आहे. मुखत्यारपत्र एका कामापुरतं आणि मुदतीचं करा. विक्रीचा शब्द नको असेल तर तो खोडा. नकार नुसता मनात ठेवून उपयोग नाही. आणि रद्द करायचं तर लेखी करा, नोंदवा. ताईला काय वाटायचं ते वाटू दे.

तर, त्या गुरुवारचा फोन मावशींच्या मुलाचा होता. पुण्यातल्या वकिलांना दावा चालवायला मुखत्यारपत्र हवं होतं, ते गेलं नाही तर दावा फेटाळला जाण्याची भीती होती. नोटारची, म्हणजे तिथल्या नोटरीची, वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची. आणि मावशी हटून बसल्या होत्या. त्यांनी फोन हिसकावूनच घेतला.

"मॅडम, मी आता कशावरही सही करणार नाही. एकदा केली ती पुरे."

"अहो, सही नाही केलीत तर घर जाईल."

"केली तेव्हाच गेलं की!"

उद्या येते म्हटलं आणि फोन ठेवला. जिना पुसला आणि तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आखनला गेले. नोटार फक्त सही साक्षांकित करणार होता, मजकूर वाचून दाखवणं त्याचं काम नव्हतं. ते मी मावशींच्या स्वयंपाकघरात केलं. एकेक ओळ मराठीत, मोठ्याने. "तडजोड करण्याचा अधिकार" आला तिथे त्यांनी हात वर केला. "हे कशाला? खोडा." मुलाने वकिलांना फोन लावला, ओळ काढायला लावली आणि नवी प्रत छापून आणली. मी तीही पहिल्यापासून वाचली. मग कागद पालथा ठेवला आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा, काय लिहिलंय यात."

मावशींनी न अडखळता सगळं सांगितलं. कोट घातला, कानटोपी घातली, आणि माझ्या आधी दाराबाहेर पडल्या.