बरडावरची पवनचक्की

मूर्तिजापूरला गाडी बदलताना माझ्या हत्यारांच्या पेटीची कडी तुटली आणि माझं डोकं फिरलं. मी सांगलीकडचा फिटर, तापट म्हणून आमच्या आळीत नावाजलेला; त्यात वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन. हमालाने पेटीला सुतळी बांधून दिली आणि मला अचलपूरच्या छोट्या गाडीत बसवलं. गाडी फारच निवांत. शेजारचे आजोबा मधल्या एका स्टेशनावर उतरले, गावातल्या कुणाला तरी निरोप सांगून आले आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. मागच्या मालडब्यात माझी पवनचक्की होती: लोखंडी सांगाडा, बारा पाती, पंप आणि नळ. वऱ्हाडात मी उभी करणार असलेली ही पहिलीच, त्यामुळे दर स्टेशनाला उतरून मी ती जागेवर आहे ना हे पाहून येत होतो.

अंजनगावहून पुढे बंडी (बैलगाडी). दोन्ही बाजूंना काळी जमीन उन्हाने हातभर भेगाळलेली. मग काळी संपली, मुरमाड माळ लागला, आणि त्या माळावर सरकारी मेंढी केंद्र दिसलं. तिथे विजेचे खांब पोचले नव्हते, म्हणून तर मला बोलावलं होतं.

केंद्राच्या साहेबांनी चहा यायच्या आधीच परिस्थिती सांगितली. उन्हाळ्यात पाण्याची आबाळ होते. पंधरा दिवसांत सोय झाली नाही तर सगळा कळप पुण्याकडच्या केंद्रात न्यायचा, असा वरून हुकूम आलेला. कळप सांभाळणारे पुंजाजी धनगर बाजूलाच उभे होते. ह्या मेंढ्यांच्या तीन पिढ्या त्यांच्या हातावर जन्मलेल्या. ते घोंगडीची दशी ओढत राहिले. बाहेर विहिरीवर त्यांची बायको गोदाबाई पोहऱ्याने पाणी शेंदत होती. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत बाईंचं तेच काम. तळहातावरचे घट्टे लांबूनसुद्धा दिसत होते.

मी म्हटलं, काळजी सोडा, आठ दिवसांत पाणी वाहतं करून देतो. कचेरीसमोरची बांधीव विहीर मला पाहताक्षणी आवडली. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी चक्की दिसली पाहिजे ना! पुंजाजी हळूच म्हणाले की ह्या जागेपेक्षा बरडावरची (उंच मुरमाड माळावरची) जुनी विहीर बरी. मी त्यांना वाटेला लावलं. मेंढ्या वळणाऱ्याने मला चक्की शिकवावी?

सहाव्या दिवशी चक्की उभी राहिली. सगळे जमले, नारळ फुटला, आणि पाती ढिम्म हलली नाहीत. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कधी एखादं पातं अर्धा फेरा घ्यायचं नि थांबायचं. मी वंगण घातलं, बोल्ट सैल केले, कंपनीचा नकाशाचा कागद दहादा पाहिला, कंपनीला शिव्या दिल्या. विहिरीच्या पश्चिमेला चिंचेची दाट रांग होती, तिच्याकडे मात्र पाहिलं नाही. गोदाबाईंनी पुन्हा दोर हातात घेतला, आणि त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुंजाजी मला घेऊन बरडावर गेले. वाटेत त्यांनी फडक्यातली भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. बरडावर झाड नाही, सावली नाही, तरी सगळा कळप तिथेच, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून उभा.

"मिस्त्रीभाऊ, सावली सोडून मेंढरं इथं काहून येतात?" पुंजाजींनी विचारलं.

मग त्यांनीच बोरीच्या झुडपाकडे बोट केलं. काट्यांना अडकलेली लोकर सगळी एकाच दिशेला ताणून फडफडत होती. वारा माझ्या सदऱ्यातही शिरला होता; ठेच्याच्या नादात माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"तुमी कागद पाहून राहिले होते," ते म्हणाले. "मी मेंढरं पाहून राहिलो होतो."

जुनी विहीर पलीकडेच होती. खोल म्हणून ती कुणी शेंदत नसे. गोदाबाईंचा दोर मागवला, त्याला दुसरा जोडून दगड सोडला, तेव्हा कुठे पाण्याचा आवाज आला. नळाचे जादा तुकडे मी सांगलीहूनच आणले होते. तेवढा शहाणपणा माझा, तो मी सांगणारच.

साहेबांसमोर चूक कबूल करणं जिवावर आलं, पण केली. मग चक्की उतरवून बरडावर न्यायला बंडीच्या खेपा. पाच दिवस पुंजाजींनी माझ्या बरोबरीने खड्डे खणले, पहारी मारल्या. शेवटचा बोल्ट आवळून मी ब्रेक सोडला आणि पाती गरगरली. थोड्या वेळाने नळ खाकरला, गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ, आणि विहिरीपाशी मेंढ्यांसाठी केलेला हौद भरू लागला. मेंढ्या मात्र फिरत्या सावलीला बुजून दूर थांबल्या. पुंजाजी मनोऱ्याच्या पायाशी घोंगडी टाकून बसले. एक म्हातारी मेंढी पुढे आली, घोंगडी हुंगली आणि हौदात तोंड घातलं. तिच्यामागे अख्खा कळप. साहेबांनी तिथेच जाहीर केलं की कळप कुठे जात नाही, वर तसं कळवतो. पुंजाजींनी पटक्याच्या टोकाने तोंड झाकलं. मीही नाक शिंकरलं. लाज कसली त्यात?

त्या संध्याकाळी रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झाली. मी किती खाल्लं ते विचारू नका.

निघताना पेटीची सुतळी पुन्हा तुटली. मी चिडणार, तेवढ्यात गोदाबाईंनी पोहऱ्याचा दोर सोडून आणला आणि पेटीला दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला लागेल."

"आता मले कायले लागते, बाप्पा?" त्या म्हणाल्या.

सांगलीला आल्यावर कामाचा कागद भरला. जागा कोणी निवडली ह्या रकान्यात मी आजवर छाती फुगवून स्वतःचं नाव लिहीत आलो. ह्या खेपेला लिहिलं, पुंजाजी धनगर. आमच्या कारखान्याच्या मालकांनी विचारलं, हे कुठले इंजिनियर? मी म्हटलं, वऱ्हाडातले. मग त्यांची नजर पेटीवर गेली. असला घासलेला दोर कशाला, नवी कडी बसवून घे, म्हणाले. कडी मी बसवली. दोर अजून पेटीला आहे.