नकाशातला जोड

ओल्या गंजाचा वास आला की जबलपूरच्या एका कारखान्यातला रस्त्याखालून गेलेला तेलाचा पाइप आठवतो. दुसऱ्या दिवशी त्यातून तेल सोडणार होते, आणि न खोदता तो तपासायचं काम माझं होतं. पाइपाच्या उघड्या टोकाला आम्ही ध्वनिलहरी सोडणारा पट्टा आवळला. त्यातून सोडलेली लहर पाइपातून लांबवर धावते आणि जोड किंवा गंज लागला की तिथून थोडी परत फिरते. लॅपटॉपवर एक उंचवटा उठला. नकाशात तिथं वेल्डिंगचा जोड होता, म्हणून मी अहवालात 'जोड' लिहिलं. शेजारी उभा असलेला कारखान्याचा म्हातारा फिटर म्हणाला, "तिथं जोड नाही जी, साहेब. हा पाइप मीच टाकला." मला बस गाठायची होती. "नकाशात आहे ना, भैया," म्हणत मी सही ठोकली. बस सुटली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. जोडावरून लहर सगळ्या बाजूंनी सारखी परतते. ही एका बाजूला कललेली होती, आणि ते मी पाहिलं होतं. वाटेत सिहोऱ्याला उतरलो, मिळेल त्या ट्रकनं परत आलो. फिटरनं तोवर त्याच जागी रस्त्याच्या कडेनं खड्डा खणून पाइप मोकळा केला होता. त्यानं नख लावलं तसे गंजाचे ओले पापुद्रे निघाले. वर न बघताच त्यानं विचारलं, "काहून परत आले, साहेब? पाइपासाठी, का सहीसाठी?" मी पाइपासाठी म्हणालो. तो वास आला की आजही मला आधी सहीच आठवते.